हरलेल्याची सही

आमच्या घरात बांधाचा दावा सतरा वर्षे चालला. निकाल लागला; पण हरलेल्या चुलत्यांनी तो मरेपर्यंत मानला नाही. ते मनात सलत राहिले, म्हणून चाळिशीनंतर मोडी शिकून मी मराठा काळातले महजर वाचू लागलो.

वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. वादी-प्रतिवादी आधीच राजीनामा लिहून देत : सभा ठरवील ते मान्य. जामीनही द्यावा लागे. मग दोघांच्या तकरिरा, कागद, साक्षी. महजरावर देशमुखांपासून बलुतेदारांपर्यंत हजर असणाऱ्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. शिवाय हरणारा जिंकणाऱ्याला येजितखत लिहून देई, म्हणजे आपण खोटे ठरल्याची लेखी कबुली.

हे रामराज्य नव्हते. साक्षीपुराव्याने निर्णय होईना तर दिव्य करावे लागे, उकळत्या तेलात हात घालावा लागे. येजितखत देऊनही काहीजण पुन्हा हुजुरात फिर्याद नेत. तरी या कागदांतून एक तत्त्व हाती लागते : निवाड्याला बळ येते ते नुसत्या सत्तेने नव्हे, पक्षकारांच्या संमतीनेही. १९८७च्या कायद्याने वैधानिक आधार मिळालेल्या लोकअदालतीत उभय पक्ष तडजोडीवर सह्या करतात. त्या निवाड्यावर अपील नाही.

आमचा हुकूमनामा अजून ट्रंकेत आहे. त्यावर न्यायाधीशांची सही आहे, कोर्टाचा शिक्का आहे. काकांची सही मात्र नाही.