पाइपची निगा

पाइपची स्वच्छता कशास म्हणावें, हें तो कशाचा घडविला आहे त्यावर ठरत आलें आहे. सतराव्या शतकांत इंग्लंड व हॉलंड येथें पांढऱ्या मातीचे पाइप प्रचारांत आले. ते काळवंडले म्हणजे पुढें लोखंडी चौकटींत रचून भट्टींत तापवीत. कीट जळून माती पुन्हा पांढरी होई.

मीरशॉमची रीत उलट. तुर्कस्तानांतील एस्कीशेहर येथें सांपडणाऱ्या या मऊ, सच्छिद्र खनिजाचा पाइप कोरून मेणांत बुडवीत. उष्णतेनें मेण व तमाखूचा अर्क त्यांत मुरून शुभ्र पाइप तपकिरी होई. हा डाग काढावयाचा नसे, मिरवावयाचा असे. म्हणून तापलेल्या पाइपास रसिक उघडा हातही लावीत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील सँ-क्लोद गांवीं ब्रायर झुडपाच्या मुळावरील गांठींचे पाइप होऊं लागले. लांकूड भट्टींत घालतां येत नाहीं. आंतील काजळीचा थर पातळ राखावा, नाहीं तर तो फुगून लांकूड तडकतें. बाहेरून ब्राझीलच्या कार्नौबा ताडाचें मेण घासावें, असा रिवाज पडला. तें सुमारें ८० अंशांपुढेंच वितळतें, म्हणून झिलई टिकते.

मातीनें डाग जाळला, मीरशॉमनें जपला, लांकडानें बेतानें राखला. धुराचा जो डाग फुप्फुसांवर पडतो, त्यास मात्र ना भट्टी उपयोगी, ना मेण.