कानांच्या ओळखीचा, डोळ्यांना अनोळखी

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या आग्रहावरून आम्ही मुंबईच्या एनसीपीएमधील जमशेद भाभा नाट्यगृहात सिंफनी वाद्यवृंद ऐकावयास गेलो. सेमिनरीत स्वरलिपीचे प्राथमिक धडे आम्ही गिरवले होते, हार्मोनियमच्या साथीने मिस्सागीतेही बसवली होती. परंतु साठ-सत्तर वादक एका मंचावर बसलेले पाहण्याचा योग चाळिशी उलटली तरी आला नव्हता. प्रारंभी ओबो या वाद्याने एकच स्वर लावून धरला. त्या स्वराशी साऱ्यांनी आपापली वाद्ये जुळवून घेतली. मग क्षणभर शांतता पसरली आणि बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीला सुरुवात झाली.

पहिला भाग संपताच आम्ही उत्साहाने टाळ्या वाजवल्या. सभोवार कोणीच वाजवीत नव्हते! चारही भाग संपेपर्यंत थांबावयाचे असते, हे शेजारच्या मुलीने हलकेच कानात सांगितले. ओशाळलो खरे, पण मनात दुसरेच काही घोळत होते. व्हायोलिनांचा तो एकजुटीने उसळणारा नाद आम्हांस नवा नव्हता. बालपणी रेडिओवर हिंदी चित्रपटगीत लागले की आरंभी आणि दोन कडव्यांच्या मध्ये असाच नाद उसळत असे. जन्मभर तो ऐकला होता. पाहिला मात्र नव्हता. तो वाजवणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न त्या रात्री प्रथमच पडला.

उत्तर शोधू लागलो, तेव्हा वाट चर्चच्याच दारापाशी आली. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडून धर्मग्राम-शाळा उभ्या राहिल्या. तेथील संगीतगुरुजी, म्हणजे 'मेस्त', मुलांना स्वरलिपी वाचावयास, गावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हेतू साधा होता: उपासनेसाठी गायनवृंद तयार व्हावा. परंतु त्यामुळे कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवण्याची विद्या गावोगावच्या गरीब घरांतही पोहोचली. गावी उत्पन्नाची साधने थोडी. म्हणून यांतील अनेकजण व्हायोलिनची पेटी घेऊन मुंबईस आले आणि धोबीतलाव परिसरात आपापल्या गावाच्या 'कुडां'त उतरले. मूकपटांची चित्रगृहे, हॉटेले, नृत्याचे बँड, जेथे काम मिळेल तेथे त्यांनी वाजवले.

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. पुढे गाण्यांच्या साथीसाठी मोठमोठे वाद्यवृंद लागू लागले. संगीतकार चाल बांधीत. परंतु व्हायोलिनांनी कोठे उठावे, चेलोंनी खाली काय धरावे, बासरीने कोणती जागा भरावी, हे प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवणारा जाणकार हवा असे. त्यास 'अरेंजर' म्हणत. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गीतांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा या गोमंतकीयाने केले. ध्वनिमुद्रिकेवर संगीतकार आणि गायक यांची नावे छापली जात. वादकांच्या रांगेतील माणसांची नसत. ती गाणी साऱ्या देशाने गुणगुणली, वादक मात्र संध्याकाळी पेटी बंद करून लोकलने घरी परतले.

सिंफनी वाद्यवृंदही मुंबईस सर्वथा परका नव्हता. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. जगविख्यात वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता हे त्यांचेच पुत्र. याही वाद्यवृंदात गोमंतकीय वादक होते. परंतु अशा मैफलींचा श्रोतृवर्ग मर्यादित होता. रेडिओवर ती चित्रपटगीते ऐकणारे आपल्यासारखे लोक तेथे क्वचितच पोहोचत.

ही दरी सांधण्याचा एक प्रयत्न झाला, तो अँथनी गोन्साल्विस यांच्याकडून. १९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी जन्मलेले हे व्हायोलिनवादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावाजलेले अरेंजर झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना त्यांनी संगीताचे पाठ दिले. रागसंगीताचे त्यांना विलक्षण वेड होते. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एका लिपीत बांधावेत, या ध्यासाने १९५८ साली त्यांनी भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला आणि जेझुइट धर्मगुरूंच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यात गायक होते. स्टुडिओच्या बंद दारांआड वाजवणारी माणसे येथे उघड्यावर, श्रोत्यांच्या समोर बसली. ज्यांचा नाद लोकांनी आजवर केवळ ऐकला होता, त्यांचे चेहरे दिसले.

तो उपक्रम दीर्घकाळ टिकला नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेस गेले. नंतर परतून माजोर्ड्यात शांतपणे राहिले आणि २०१२ साली निवर्तले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांचे नाव एका गाण्यात गुंफले. ते गाणे देशभर गाजले. पण ते नाव खऱ्या माणसाचे, एका संगीतगुरूचे आहे, हे कितीजणांस ठाऊक होते?

आता मुंबईत २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. अशा मैफलीस कोणी प्रथमच जाणार असेल, तर आमचे एकच सांगणे आहे: मागच्या रांगेकडे पाहावे. पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग एकही स्वर न वाजवता बसून असतात. चौथ्या भागात त्यांचा सूर लागतो आणि सारे सभागृह उजळून निघते. ते इतका वेळ तेथे होते, हे तोवर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

त्या रात्री परतताना आम्हांस एका वृद्ध गृहस्थांची आठवण झाली. आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामात ते दर रविवारी गायनवृंदात व्हायोलिन वाजवीत. स्टुडिओत त्यांनी तीस वर्षे वाजवले होते, हे आम्हांस त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी त्यांच्या मुलाकडून कळले. आम्ही तेथे पाच वर्षे होतो. मिस्सा संपल्यावर त्यांच्याशी नित्य बोलत होतो. परंतु ही कला कोठे शिकलात, कोठे वाजवलीत, असे कधी विचारले नाही. कदाचित बालपणी रेडिओवर आम्ही ऐकलेल्या गाण्यांत त्यांचाही हात असेल.

आपल्या धर्मग्रामांत अशी माणसे अजून आहेत. मैफलीस अवश्य जावे, मुलांना सोबत न्यावे. पण त्याआधी येत्या रविवारी जिना चढून गायनवृंदाच्या सज्जात जावे आणि तेथील वृद्ध वादकास त्यांचे नाव, गाव आणि गुरू विचारावा.