'बॉयकॉट' : एका आडनावाची गोष्ट

श्रोतेहो, बहिष्काराची बातमी आली की 'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्दही कानांवर पडतोच. पण मुळात हे एका माणसाचे आडनाव, हे किती जणांना ठाऊक असेल?

गोष्ट आयर्लंडमधली, १८८० सालची. मेयो परगण्यात लॉर्ड अर्न याची जमीन होती आणि कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा त्याचा कारभारी. दिवस ओढगस्तीचे. कुळे म्हणाली, खंड चौथाईने कमी करा. सूट मिळाली ती दहा टक्क्यांची. कुळे अडून बसली, तेव्हा बॉयकॉटने त्यांना हुसकून लावण्याच्या नोटिसा काढल्या.

याच सुमारास, १९ सप्टेंबरला, पार्नेल या पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितले होते की, कुळाला हुसकून रिकामी केलेली जमीन जो घेईल, त्याला मारू नका. त्याच्याशी बोलणे-चालणे, देणे-घेणे तेवढे सोडा. लोकांनी हेच हत्यार कारभाऱ्यावर उपसले. गडीमाणसे काम सोडून गेली. लोहार येईना, दुकानदार माल देईना. अखेर पीक काढायला बाहेरून पन्नास मजूर आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार शिपाई आणावे लागले. पीक पाचशे पौंडांचे, अन् खर्च म्हणे दहा हजारांच्या घरात! वर्ष सरण्याआधी बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

या प्रकाराला नाव काय द्यावे? रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवले आहे की, जड शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही, म्हणून फादर ओमॅली या धर्मगुरूंनीच 'बॉयकॉट करणे' हा शब्द सुचविला. शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असेच हे आहे.

पुढे १९०५ साली वंगभंग झाला, आणि लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला बहिष्कार आला.

पण आपल्याकडे 'वाळीत टाकणे' त्याहून कितीतरी जुने. तिथे दुबळे सबळाला नव्हे, तर सबळच दुबळ्याला एकटे पाडीत. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते उगीच नव्हे. जातपंचायतींच्या अशा जुलमाविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला.

हत्यार एकच, श्रोतेहो. ते कोणी, कोणावर आणि कशासाठी उचलले, एवढे पाहावे. मेयोच्या कुळांनी ते पोटासाठी उचलले होते. आपल्या गावात कोणाचे पाणी तोडायची भाषा निघाली, तर हा प्रश्न आधी विचारावा.