गृहतापसी



आजचा विषय ठरला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "देवावर भार टाकून संसार करणारी आई हा कीर्तनाचा विषय झाला. इतिहासाच्या व्याख्यानात तो कसा बसवणार?" शंका रास्त आहे. इतिहासाला तारीख लागते, लेख लागतो. आईची श्रद्धा चुलीपुढे उगवते आणि बहुधा तेथेच मावळते. तिचा कागद कोणी करीत नाही. तथापि आपल्या ठाणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला या श्रद्धेचा पुरावा दगडात कोरलेला आहे, आणि तो सुमारे दोन हजार वर्षांचा आहे.

मुरबाडहून नगरच्या रस्त्याने निघाले की टोकावडे मागे टाकून आपण वैशाखरे गावाशी येतो. तेथून नाणेघाटाची वाट चढू लागते. घाटाचा पायथा मुरबाड तालुक्यात, माथा जुन्नरात. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नर आणि पुढे पैठणला जात असे. खिंडीच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत असे लोक सांगतात. मात्र सहलीला जाणारी बहुतेक मंडळी रांजण पाहून परततात, आणि शेजारच्या गुहेच्या भिंतींकडे त्यांचे लक्ष जात नाही.

या गुहेत मागच्या भिंतीशी सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज केवळ पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे उरली आहेत. त्यांत सातवाहन सिमुक आहे, राजा सातकर्णी आहे, आणि त्याच्या जोडीला देवी नायनिका, म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती राणी आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर मिळून वीस ओळींचा मोठा ब्राह्मी लेख आहे. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी म्हणा. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो लावला. लेखात अश्वमेधासारखे यज्ञ, हजारो गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाण्यांच्या दक्षिणा यांची लांबलचक यादी आहे. त्या यादीतले आकडे अंकलेखनाच्या अभ्यासकांना फार मोलाचे वाटतात. मला मात्र मोलाचे वाटतात ते आरंभीचे दोन-चार शब्द.

लेख धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदून सुरू होतो, आणि मग राणीची ओळख देतो. ती एका महारठीची लेक आहे, राजाची पत्नी आहे, राजपुत्रांची आई आहे. त्याच्या लगेच पुढे तिला मासोपवासिनी म्हटले आहे, म्हणजे महिना महिना उपास धरणारी. आणि गृहतापसी म्हटले आहे, म्हणजे घरात राहून तप करणारी. राजा वारला होता, मुलगा वेदिश्री अजून लहान होता, आणि राज्याचा गाडा ही आई त्याच्या नावाने हाकीत होती, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ते सारे यज्ञ राजाच्या हयातीतले की नंतरचे, यावर मतभेद आहेत. त्यांत आपण शिरू नये.

गृहतापसी या शब्दापाशी मात्र थांबावे असे मला वाटते. त्या काळी विरक्तीची वाट रानाकडे जात असे. विहार, लेणी, आश्रम सारे घराबाहेर. येथे एक आई घर न सोडता तप करते. पोर सांभाळणे, राज्य सांभाळणे आणि देवापुढे उपाशी बसणे या तिच्या तीन निराळ्या दिनचर्या नव्हेत. देवावर भार टाकला म्हणून तिने हात जोडून वाट पाहिली नाही. जकातीच्या वाटेवर, व्यापाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, तिच्या घराण्याची आणि तिच्या पुत्रांची नावे कोरलेली आहेत. श्रद्धा आणि व्यवहार यांची अशी एकाच भिंतीवर गाठ क्वचित पडते.

नाणेघाट चढून गेले की पुढे जुन्नर आणि जुन्नरच्या डोक्यावर शिवनेरी. अनेक शतकांनंतर येथेच दुसरी एक आई देवापुढे बसलेली आपल्याला दिसते. 1629 च्या जुलैत निजामशाही दरबारात, दौलताबादेस, जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव आणि भाऊ दग्याने मारले गेले. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. माहेर असे एका दिवसात बुडाले, पती मोहिमांत. 19 फेब्रुवारी 1630 रोजी मुलगा झाला आणि गडावरच्या शिवाईचे नाव त्याला मिळाले असे परंपरा सांगते. मुलाला देवीचे नाव देणे म्हणजे काय, हे आपल्या घरोघरच्या आयांना समजावून सांगावे लागत नाही. हे लेकरू तुझे, मी फक्त सांभाळणारी, असा तो करार असतो.

त्या कराराची कसोटी शहापूर तालुक्यात लागली. आसनगावहून जो सुळक्यांचा डोंगर दिसतो तो माहुलीचा किल्ला. बुडती निजामशाही उचलून धरण्यासाठी शहाजीराजांनी एका बालराजाला पुढे करून शेवटचा झगडा येथून दिला. 1636 साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी माहुलीला वेढा घातला, आणि अखेर बालराजाला शत्रूच्या हवाली करून राजांना गड सोडावा लागला. जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे तेव्हा त्यांच्यासोबत होते असे सांगितले जाते. तसे असेल तर एका आईने सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन एक राज्य संपताना पाहिले. यानंतर त्या पुण्याला आल्या. ते पुणे मुरार जगदेवाने जाळून ओसाड केलेले होते. तेथे त्यांनी कसब्याच्या गणपतीचे देऊळ उभारले असे पुणेकर सांगतात. आणि देवळासोबत वस्तीही उठू लागली. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला पडला, तेही दुःख त्यांनी सोसले. 6 जून 1674 ला धाकट्याचा राज्याभिषेक पाहिला आणि 17 जूनला पाचाडात डोळे मिटले.

राणी आणि राजमाता यांच्या गोष्टी येथवर ठीक. पण या डोंगराखाली ठाकूर, कातकरी, कोळी महादेव, कुणबी, आगरी यांच्या वाड्या-पाड्यांवर ज्या आया नांदल्या, त्यांचा लेख कोणी कोरला? त्यांची देवता सटवाई, म्हणजे जुनी षष्ठी. बाळंतपणानंतर पाचवी पुजतात, पाटा-वरवंटा मांडतात, कोठे कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात; रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. बाळ झोपेत हसले तर सटवाई हसवते. शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसाला हे भाबडे वाटते. परंतु जेथे पाचवा दिवस पार पडेल की नाही हीच शंका असे, तेथे त्या रात्री आईने जागे राहणे, दिवा तेवत ठेवणे आणि आयाबायांनी भोवती बसणे, याला मी तरी भाबडेपणा म्हणणार नाही.

या श्रद्धेचा उपयोग दुसऱ्यांनी करून घ्यावा, हे मात्र मला मान्य नाही. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. याच तालुक्यात चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन टँकरच्या वाटेला डोळे लावून बसतात. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यावरून अडलेल्या बाईला झोळीत घालून न्यावे लागते. ती बाई "देव आहे" म्हणते तेव्हा तो तिचा धीर आहे. तेच शब्द आपण म्हटले तर ती आपली पळवाट होते.

या आयांनी देवावर भार टाकला, पण शहाणपण टाकले नाही. याची साक्ष आपली भाषाच देते. फोडांच्या साथीला आपल्या आज्या रोग म्हणत नसत, देवी म्हणत. घरात कोणाला देवी आल्या की आवाज खाली, फोडणी बंद, दाराला कडुलिंब. 1802 साली मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली. पुढे लस खेड्यांत पोचली तेव्हा लोक बिचकले, पोरे लपवली गेली, हे खरे. पण हळूहळू त्या लसीलाच मराठीत "देवी काढणे" म्हणू लागले. आईने देवीला घराबाहेर काढले नाही. टोचणाऱ्याच्या सुईत तिला बसवले. 1975 नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही.

आजही मुरबाडच्या किंवा शहापूरच्या सरकारी दवाखान्यात लसीच्या दिवशी जाऊन पाहावे. ओळीत उभ्या असलेल्या एखाद्या आईच्या कडेवरच्या बाळाच्या कपाळाला अंगारा दिसेल, मनगटाला काळा दोरा दिसेल, आणि तिच्या दुसऱ्या हातात, पदराच्या टोकात जपून गुंडाळलेले, लसींच्या नोंदीचे कार्ड असेल.