चोळमंडळ : चित्रकारांनी वसवलेले गाव

मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की आपण चेन्नईकर मराठी मंडळी त्यांना महाबलीपुरमला नेतोच. वाटेत मगरी दाखवतो, दक्षिणचित्र दाखवतो. पण त्याच ईस्ट कोस्ट रोडवर इंजंबाक्कमला चित्रकारांनी स्वतःच्या कमाईतून वसवलेले एक गाव आहे, तिथे आपली गाडी सहसा थांबत नाही. त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

मद्रासचे कलाविद्यालय १८५० सालचे, म्हणजे आपल्या जे. जे.पेक्षा सात वर्षांनी जुने. मरीनावरचा श्रमिकांचा पुतळा ज्यांचा, ते देवीप्रसाद रॉयचौधुरी तिथले प्राचार्य होते. त्यांच्यानंतर १९५७ मध्ये के. सी. एस. पणिकर प्राचार्य झाले. हे गृहस्थ तरुणपणी घर चालवण्यासाठी तारखात्यात नोकरीला होते. (रेल्वे आणि तारखाते म्हणजे जुने शेजारी, म्हणून आवर्जून नोंदवले.) पोटासाठी नोकरी करताना चित्राचे काय होते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

पणिकरांना दिसत होते, की मुले शिकून बाहेर पडतात आणि पाच-सात वर्षांत ब्रश खाली ठेवतात. मद्रासमध्ये त्या काळी आधुनिक चित्रे विकत घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार व्यवहारी वाटतो. चित्र विकून जगायचे नाही, हस्तकला विकून जगायचे. मुख्य आधार बाटिकचा. कापडावर वितळलेल्या मेणाने आकृती काढायची आणि कापड रंगात बुडवायचे. मेण असेल तिथे रंग चढत नाही. मेणाला तडे जातात, त्यांतून रंगाच्या बारीक रेषा उतरतात आणि प्रत्येक कापड वेगळे निघते. अशा वस्तूला गिऱ्हाईक मिळते. दिवसाचा काही वेळ हे काम, उरलेला वेळ आपल्या मनाचे चित्र. ते विकले गेले नाही तरी चूल पेटते.

याच पैशातून समुद्राकाठची जमीन घेतली आणि १९६६ मध्ये तीसेक कलावंतांनी चोळमंडळ सुरू केले. 'कोरोमंडल' किनारा हे नाव ज्या शब्दावरून आले, तोच हा शब्द. सुरुवातीला तिथे वाळू, झोपड्या आणि खारा वारा. वीजसुद्धा नव्हती. सुलतान अली, सेनाधिपती, वासुदेव अशी मंडळी तिथे राहिली. रामानुजम हा विलक्षण प्रतिभेचा, पण मनाने दुबळा झालेला तरुणही तिथेच सावरला जात होता. स्वप्नातली नगरे रेखाटणारा हा चित्रकार १९७३ मध्ये ऐन तिशीत गेला. आधार देणाऱ्या गावालाही सगळ्यांना वाचवता येत नाही.

मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपची आठवण इथे होणारच. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे एकत्र आले, १९४९ मध्ये त्यांचे प्रदर्शन झाले, आणि १९५१ पर्यंत सूझा, रझा आणि बाकरे तिघेही परदेशी गेले होते. नाव त्यांचे मोठे झाले, यात वाद नाही. पण एकत्र राहण्याची सोय कुणी केली नव्हती. मद्रासकरांनी आधी जमीन घेतली, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपले मंडळही भाड्याच्या हॉलमध्ये उत्सव करते, तेव्हा हे चटकन कळते.

पणिकर १९७७ मध्ये गेले. पुढे ईस्ट कोस्ट रोड रुंद झाला, जमिनीचे भाव गगनाला भिडले. चित्रकाराचा मुलगा चित्रकारच होईल असेही नाही. तरीही २००९ मध्ये तिथे मद्रास चळवळीतल्या कामांचे संग्रहालय उघडले. शेजारच्या दालनांत नव्या कलावंतांची प्रदर्शने भरतात.

तिथे गेलात तर पणिकरांचे चिरंजीव नंदगोपाल यांची धातुशिल्पे जवळून पाहा. तांब्या-पितळेचे पत्रे कापून, जोडून केलेली आहेत. आमच्या वर्कशॉपमधल्या मंडळींनी सांधे खास तपासावेत.