जागल्यांचा किनारा

"पैसे भरून हमाली करायला कोण जातं गं?" आमच्या आतेबहिणीने हा प्रश्न आपल्या नातीला भर पंगतीत विचारला आणि ताटावरचे सगळे हसले. नात सोळा वर्षांची, न्यू जर्सीत वाढलेली. नाताळच्या सुट्टीत बेळगावला आली होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात ती शाळेतल्या मुलामुलींबरोबर कोस्टा रिका या देशात जाऊन पंधरा दिवस समुद्रकिनाऱ्यावर राहून आली. काम काय, तर रात्री वाळूत गस्त घालायची, कासवांची अंडी मोजायची आणि दिवसा किनाऱ्यावरचे प्लास्टिक गोळा करायचे. आजीचे म्हणणे, घरात हिने कधी पाण्याचा तांब्या हलवला नाही आणि तिकडे जाऊन वाळू उपसली म्हणे!

मुलगी गोरीमोरी झाली. मला मात्र तो प्रश्न चिकटला. इतिहासाचा नाद असलेल्या माणसाची ही खोड असते. पंगत उठली तरी त्याचे जेवण संपत नाही. पोराटोरांनी परमुलखात जाऊन, वर खर्च करून, दुसऱ्याची वाळू उपसण्याची ही रीत आली कुठून? शोध घेता घेता मी थेट वेर्दांच्या रणभूमीवर जाऊन पोहोचलो.

1916 साली वेर्दांभोवती फ्रेंच आणि जर्मन सैन्यांनी एकमेकांचा संहार केला. त्यात एस्न नावाचे एक खेडे जमीनदोस्त झाले. युद्ध संपल्यावर 1920 साली पिएर सेरेसोल हा स्विस शांतिवादी गृहस्थ मूठभर माणसे घेऊन तेथे गेला. तोफगोळ्यांचे खड्डे बुजवायचे, रस्ता मोकळा करायचा, निवारे उभारायचे, असा बेत. विशेष म्हणजे त्या तुकडीत जर्मन माणसेही होती. ज्यांनी पाडले त्यांच्यातल्याच काहींनी उभारायला यावे, ही कल्पना कागदावर सुंदर दिसते. पण ज्यांची घरे गेली त्यांच्या जखमा ओल्या होत्या. विरोध वाढला आणि काही महिन्यांतच तुकडीला गाशा गुंडाळावा लागला. परदेशात जाऊन सेवा करण्याच्या आधुनिक चळवळीचा पहिला अध्याय असा आहे. ज्यांची सेवा करायची त्यांनीच 'पुरे' म्हटले, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

हाच सेरेसोल 1934 साली आपल्याकडे आला. त्या वर्षीच्या 15 जानेवारीला बिहारात भयंकर भूकंप झाला होता. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य चालू होते. मुझफ्फरपूर भागात उद्ध्वस्त वस्त्या नव्याने वसवण्याच्या कामात सेरेसोल आणि त्याचे थोडे सोबती राबले. 1937पर्यंत त्यांचे येणेजाणे चालू राहिले. पंचावन्न वर्षांचा स्विस इंजिनियर बिहारच्या उन्हात फावडे घेऊन उभा आहे, हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे दिसले नाही. असो.

पण सेरेसोल पोरवयाचा नव्हता. कोवळी मुले या वाटेवर आली ती 1958 साली, इंग्लंडात. तेथे सक्तीची लष्करी भरती बंद होण्याच्या बेतात होती. शाळा संपली आहे, विद्यापीठ सुरू व्हायचे आहे, अशा अठरा वर्षांच्या मुलांनी मधले वर्ष काय करावे? अ‍ॅलेक डिक्सन आणि त्यांच्या पत्नी मोरा यांनी उत्तर काढले, की त्यांना समुद्रापार सेवेला पाठवावे. पोर्ट्समथच्या बिशपच्या नावे 'संडे टाइम्स'मध्ये पत्र छापून आले आणि व्ही.एस.ओ. ही संस्था उभी राहिली. सारावाकपासून घानापर्यंत पोरे रवाना झाली. 1961 साली अमेरिकेत केनेडींनी पीस कोअर काढली आणि हे वारे जगभर फिरले.

मात्र स्वतंत्र होऊ लागलेल्या देशांनी लवकरच एक खोचक प्रश्न विचारला. अठरा वर्षांच्या पोराला येते काय? आम्हांला डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक पाठवा. प्रश्न रास्त होता. व्ही.एस.ओ.ने हळूहळू पदवीधरांकडे मोर्चा वळवला. डिक्सन 1962 साली बाहेर पडले आणि त्यांनी मायदेशातच तरुणांच्या सेवेची वेगळी संस्था काढली. ज्याला कौशल्य लागत नाही, पण पुष्कळ डोळे, पुष्कळ पाय आणि पुष्कळ जागरण लागते, असे काम जगात कोणते?

असे एक काम कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर शिल्लक होते.

तोर्तुगेरो हे त्या किनाऱ्याचे नाव. नावातच कासव आहे. सुमारे 35 किलोमीटर लांब काळी वाळू, मागे दलदल आणि जंगल, गावात जायला आजही रस्ता नाही. होडीने जा नाहीतर छोट्या विमानाने. हिरव्या कासवांच्या माद्या जुलै ते ऑक्टोबर या काळात येथे हजारोंनी अंडी घालायला येतात. एका खेपेला शंभराच्या वर अंडी, साधारण दोन महिन्यांत पिल्ले बाहेर. कोलंबसाने 1503 साली केमन बेटे पाहिली तेव्हा भोवतालची कासवे पाहून त्यांना 'लास तोर्तुगास' असे नाव दिले होते. त्यानंतरच्या साडेचारशे वर्षांत युरोपियन गलबतांनी त्यांचे ताजे मांस भरून नेले, लंडनच्या मेजवान्यांनी त्यांचे सूप केले. कासव उलथे केले की निमूट पडून राहते, जहाजावर आठवडेच्या आठवडे जिवंत टिकते. ही चिवटपणाची देणगीच त्याच्या मुळावर आली.

1950च्या सुमारास फ्लोरिडा विद्यापीठातला आर्ची कार हा प्राणिशास्त्रज्ञ येथे आला तेव्हा किनारा मैलामैलाने वाटून दिलेला होता. एकेका मैलावर एकेक माणूस. रात्रभर जागायचे, मादी वर आली की तिला उताणी करायची, सकाळी होडीवर चढवायची. या माणसांना तिकडच्या स्पॅनिशमध्ये 'वेलादोर' म्हणत, म्हणजे जागणारा. हा शब्द वाचला आणि मी थबकलो. आपल्या जुन्या गावगाड्यात रात्री राखण करणारा जागल्या असे. पलीकडच्या कानडी खेड्यांत तळवार. आपला जागल्या राखायला जागत असे, तो लुटायला जागत होता, एवढाच फरक. आणि लुटायला म्हणताना माझीच जीभ चाचरते. त्या दलदलीत दुसरा रोजगार कोणता होता?

कारने 1955 साली माद्यांना खुणेचे बिल्ले लावायला सुरुवात केली. पहिले बिल्ले पाठीच्या कवचाला तारेने बांधले, ते टिकेनात. मग गुरांच्या कानाला मारतात तसले धातूचे बिल्ले पुढच्या वल्ह्यासारख्या पायांना मारले, ते टिकले. बिल्ल्यावर पत्ता आणि परत पाठवणाऱ्याला बक्षीस. निकाराग्वाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडून, मिस्किटो लोकांकडून बिल्ले येऊ लागले आणि एवढे मोठे जनावर शेकडो मैल पोहून पुन्हा याच वाळूवर येते, हे जगाला पटले. या शोधात शास्त्रज्ञाइतकाच वाटा कासव मारून खाणाऱ्या कोळ्यांचा आहे. त्यांनी पत्र टाकले नसते तर कार अंधारातच राहिला असता.

त्याचे 'द विंडवर्ड रोड' हे पुस्तक 1956 साली निघाले. ते वाचून भारावलेल्या जोशुआ पॉवर्स नावाच्या गृहस्थाने मित्रांना प्रती वाटून 'हिरव्या कासवाचे बंधुमंडळ' असे काहीसे गमतीदार नाव असलेली मंडळी जमवली. 1959 साली त्यातूनच एक रीतसर संस्था झाली. उत्साहाच्या भरात अमेरिकन नौदलाच्या विमानांतून पिल्ले कॅरिबियनच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर नेऊन सोडण्याचाही उद्योग झाला. हेतू उदात्त होता, पण त्यातून कुठे नवी वसाहत वसली नाही. कासवे आपल्या बुद्धीने चालतात, आपल्या नव्हे. टिकले ते साधे काम. तोच किनारा, रोज रात्री, वर्षानुवर्षे. 1975 साली तेथे कायद्याने राष्ट्रीय उद्यान झाले.

रोज रात्री जागायचे तर माणसे हवीत आणि पैसाही. आधी कारचे विद्यार्थी आले. 1971 साली बॉस्टनजवळ अर्थवॉच नावाची संस्था निघाली. सामान्य नागरिकाने स्वतःचा खर्च करून शास्त्रज्ञाच्या हाताखाली राबावे, ही तिची रीत. येथे 'पैसे भरून हमाली' या आजीबाईंच्या प्रश्नाचा उगम सापडतो. स्वयंसेवकाच्या पैशातूनच गस्तीचा, जेवणाचा आणि स्थानिक माणसाच्या पगाराचा खर्च निघू लागला. पुढे अमेरिकन शाळांत सेवेच्या तासांची टूम निघाली; मेरिलँड राज्याने 1992 साली तर शाळा पास होण्यासाठी 75 तासांची सेवा सक्तीची केली. ते तास काही सगळेच जण परदेशात भरत नाहीत. पण सेवेचा तास मोजला जाऊ लागला, की तो विकायलाही कोणीतरी दुकान मांडतेच. सुट्टी, सेवा आणि विद्यापीठाच्या अर्जातली एक ओळ, असे तिन्ही एका तिकिटात देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या काहींनी सेवेचा बाजार केला, हे खरेच आहे.

तरी काम खोटे नाही. नातीने ते सांगितले तेव्हा मी वहीत टिपून घेतले. गडद कपडे, पांढरा दिवा वर्ज्य, फार तर तांबडा. मादी वर येताना जरा चाहूल लागली तरी परत फिरते, म्हणून बोलायचे नाही. ती खड्डा करून अंडी घालू लागली की मात्र जणू समाधीत जाते. तेव्हा मागून अंडी मोजायची, पाठीची लांबी फितीने घ्यायची, बिल्ला पाहायचा. जेथे चोरीची भीती असते तेथे अंडी उचलून राखलेल्या जागेत पुरायची. वाळू उबदार असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक, म्हणून सावलीचाही हिशेब. हे सारे एका स्थानिक माणसाच्या मागे चालून. "तो दिव्याशिवाय चालायचा, आजोबा. आम्ही ओंडक्यांना अडखळत होतो."

या इतिहासातल्या एका रात्रीबद्दल तिला कोणी काही सांगितले नव्हते. मीही पंगतीत सांगितले नाही.

तोर्तुगेरोच्या दक्षिणेला लिमोन हे बंदर आहे, त्याच्या शेजारी मोईनचा किनारा. तेथे लेदरबॅक जातीची प्रचंड कासवे येतात. अंड्यांना दारूच्या गुत्त्यांत गिऱ्हाईक असते, कारण ती पौरुष वाढवतात असा समज. आणि त्याच निर्जन किनाऱ्यावर अमली पदार्थांची ने-आण. जाइरो मोरा सांदोवाल हा सव्वीस वर्षांचा तरुण तेथे गस्त घाली. तो दक्षिणेकडच्या गांदोकाचा, लहानपणापासून कासवांच्या वाळूत वाढलेला. धमक्या येत होत्या, पोलिसांनी यावे म्हणून तो उघड विनवण्या करत होता. 30 मे 2013च्या रात्री तो चार स्वयंसेविकांसह गस्तीला निघाला. तिघी अमेरिकन, एक स्पॅनिश. बुरखेधाऱ्यांनी गाडी अडवली. मुलींना वेगळे नेले, त्या कशाबशा सुटल्या. जाइरोचे प्रेत सकाळी वाळूवर सापडले.

2015 साली सातही आरोपी निर्दोष सुटले, इतका तपास ढिसाळ होता. खटला पुन्हा चालला आणि 2016 साली चौघांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. सरकारने गांदोकाच्या अभयारण्याला त्याचे नाव दिले.

त्या रात्री सेवेला आलेल्या चौघी घरी परतल्या, हे उत्तमच झाले. पण सेवा म्हणजे काय याची किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही. पाहुणा पंधरा दिवस जागतो. गावचा माणूस जन्मभर जागतो, आणि ज्यांच्या तोंडचा घास त्याने काढून घेतलेला असतो ते त्याच्याच गल्लीत राहतात. वेर्दांपासून लिमोनपर्यंत हा प्रश्न सुटलेला नाही. जेथे तो थोडाफार सुटला तेथे रोजीरोटीने सुटला. तोर्तुगेरोत गावकऱ्यांनाच वाटाडे म्हणून तयार केले गेले. उलथे करून विकलेल्या कासवापेक्षा पाहू दिलेले कासव अधिक मिळवून देते, हा हिशेब तेथे घरोघरी पटला. पॅसिफिकच्या बाजूला ओस्तिओनाल येथे तर सरकारने 1987 पासून गावाला ठरावीक अंडी कायदेशीरपणे काढू दिली आहेत. कासवांची झुंड आली की पहिल्या काही तासांतली अंडी, जी नाहीतरी मागून येणाऱ्या माद्या उकरून नासवतात. त्या बदल्यात उरलेला किनारा गावानेच राखायचा.

ओस्तिओनालची ही कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. आपण चोर्ला घाट उतरून मोरजीला किंवा गालजीबागला जातो तेथे येणारी तीच जात, आणि मंडणगड तालुक्यातल्या वेळासला येणारीही तीच. वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला घेतली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. मुंबई-पुण्याची मुले पहाटे उठून पिल्ले समुद्रात जाताना पाहतात आणि दुपारी त्याच घरात मोदक खातात. तेथेही मूळ जागल्या गावचाच.

तोर्तुगेरोत 1971 पासूनच्या तीस वर्षांत घरट्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. कारचे निधन 1987 साली झाले, तोवर चढण लागलेली होती. 2008 नंतर मात्र आकडे पुन्हा उतरू लागल्याचे अभ्यासकांनी 2023 साली मांडले. निकाराग्वाच्या पाण्यात मारली जाणारी कासवे हे त्याचे एक कारण सांगतात. म्हणजे जेथून कारला बिल्ले परत आले तोच समुद्र.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी नातीला विचारले, तुमच्या पुढे चालणाऱ्या त्या माणसाचे नाव काय होते? तिने क्षणही न लावता सांगितले. मग म्हणाली, त्याचे आजोबा त्याच किनाऱ्यावर कासवे उलथी करायचे. आमची आतेबहीण दारात बसून शेंगा निवडत होती. तिने मान वर केली आणि विचारले, "आणि त्याला महिना किती मिळतो गं?" ते काही मुलीला माहीत नव्हते. पत्राने विचारून कळवते म्हणाली.