देवी, अम्मा आणि मंकीपॉक्स

सोलापूरच्या पेठांतून मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. एका जीवघेण्या रोगाला या तिघींनी दिलेल्या नावांत विलक्षण साम्य आहे. मराठीने त्याला ‘देवी’ म्हटले, कन्नडने ‘अम्मा’, तेलुगूने ‘अम्मवारू’. अंगावर फोड उठले की घरी आई आली असे मानायचे, कडुलिंबाचा पाला बांधायचा आणि तिच्या शांत होण्याची वाट पाहायची. या नामकरणात रोग्याला लाज वाटावी असे काही नव्हते. मात्र आईला औषध चालत नाही, या समजुतीपायी रोगी दडवला जाई.

लस आली तेव्हा मराठीने तिलाही त्याच शब्दात सामावून घेतले. टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’ झाले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस ही हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस मानतात. तेथून निर्मूलनापर्यंत जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. अखेरच्या टप्प्यात केवळ सरसकट टोचणीने काम भागले नाही. रोगी शोधायचा, त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्या भोवतालच्यांना टोचायचे, ही पद्धत कामी आली. रोगी कळवणाऱ्याला लावलेले बक्षीस १९७५ मध्ये हजार रुपयांपर्यंत गेले. त्याच वर्षी मे महिन्यात भारतातील अखेरचा रुग्ण आढळला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

टोचणी थांबली, आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर तो ओळखीचा वण उरला नाही. देवीच्या लशीने तिच्याच कुळातल्या मंकीपॉक्सपासूनही बरेच संरक्षण मिळत असे. तेही ओसरत गेले. १९५८ मध्ये कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतील माकडांत हा विषाणू प्रथम सापडला, म्हणून हे नाव. वस्तुतः त्याचे घर आफ्रिकेतील उंदीर-खारींच्या जातींत असावे. माणसातील पहिला रुग्ण १९७० मध्ये काँगोमधील एक तान्हे मूल होते. पुढची पाच दशके हा रोग बहुतांशी आफ्रिकेपुरता राहिला आणि जगाने त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. २०२२ च्या मे महिन्यापासून तो अनेक खंडांत पसरला. जुलैमध्ये केरळात भारतातील पहिला रुग्ण आढळला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो विषाणू वेगळा केला.

या खेपेस रोगी दडला तो लाजेने. २०२२ च्या साथीत प्रसार मुख्यतः निकट शरीरसंबंधांतून, विशेषतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत झाला. नावात माकड, बातम्यांत आफ्रिका आणि कुजबुजीत चारित्र्य. अशा वेळी दवाखान्याची पायरी कोण चढणार? वंशद्वेषी आणि मानहानीकारक भाषेच्या तक्रारींमुळे जागतिक आरोग्य संघटनेने २८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘एमपॉक्स’ हे नवे नाव सुचवले. आणीबाणी मे २०२३ मध्ये उठली, काँगोतील नव्या उपप्रकारामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा पुकारली गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संपली.

भक्तीने दडवलेला रोगी आणि लाजेने दडलेला रोगी, साथीच्या दृष्टीने दोघे सारखेच. साहित्याच्या अभ्यासकांनी हा इतिहास वाचावा असे आम्हांला वाटते, कारण रोगी पुढे येतो की मागे सरतो, हे त्याच्या रोगाला आपण कोणत्या शब्दाने हाक मारतो यावरही अवलंबून असते. ‘एमपॉक्स’ हा शब्द अजून आपल्या तिन्ही भाषांत परकाच आहे. त्याला कोणता अर्थ चिकटू द्यायचा, हे अद्याप आपल्या हाती आहे.